पहिल्या बुधवारचं जेवण

शीलाने मला वांगणीच्या पलीकडच्या त्या शेतातल्या हॉटेलात पहिल्यांदा जेवायला नेलं, तेव्हा तिला गिळता येणं बंद होऊन दीड महिना झाला होता.

बेत मात्र त्याच्या फार आधीचा. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघींनी सत्तावीस वर्षं काढली. दुपारची सुट्टी कागदावर तीस मिनिटांची. त्यात अ‍ॅप्रन काढायचा, हात धुवायचे, कॅन्टीनपर्यंत चालायचं आणि परत यायचं. डब्याच्या वाट्याला जेमतेम दहा मिनिटं उरायची. "आपण जेवत नाही माधवी, आपण सॅम्पल भरतो," शीला म्हणायची. निवृत्त झाल्यावर दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी, भाजी ज्या शेतात पिकते त्याच शेतात बसून, घड्याळ पर्समध्ये टाकून जेवायचं, असं तिनं ठरवून ठेवलं होतं. बुधवारच का, तर शनिवार-रविवारी तिथे मुंबईची माणसं गाड्या घेऊन येतात आणि ताटांचे फोटो काढत बसतात म्हणून.

आम्ही एकाच वर्षी निवृत्त झालो, ती जानेवारीत आणि मी मार्चमध्ये. एप्रिलमध्ये तिला भाकरी छातीत अडकल्यासारखी वाटायला लागली. मे महिन्यात मुंबईच्या हॉस्पिटलात दुर्बीण घातली आणि अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. जूनच्या शेवटी पाणीसुद्धा खाली उतरेना, तेव्हा पोटाला भोक पाडून नळी बसवली. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी तिचा फोन आला. आवाज घोगरा, कुठेतरी फाटलेला.

"परवा बुधवार आहे. अकराला तयार राहा."

"शीला, अगं पण..."

"टेबल सांगून ठेवलंय. तू जेव. मी बसते."

तिचा नवरा, अरुणभाऊ, आम्हाला गाडीतून सोडून गेला. मुख्य रस्ता सोडून आत कच्च्या वाटेवर एक शेत, मध्ये पत्र्याची उंच शेड, सात-आठ लाकडी टेबलं, मागे स्वयंपाकघर. दाराशी काळी पाटी. तिच्यावर खडूने लिहिलेलं: कर्टुली बांधावरची, काकडी विहिरीजवळची, तांदूळ आपल्याच खाचरातला. शीला पाटीसमोर उभी राहिली, चष्मा पुसला आणि सगळं शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं.

"बघ," ती म्हणाली, "बॅच कुठली ते लिहिलंय. आपल्या कंपनीपेक्षा बरी आहेत ही माणसं."

ताट एकच आलं. ते तिनं माझ्यापुढे सरकवलं आणि हनुवटीखाली हात घेऊन बसली. मला घास उचलवेना. बारीक चणीची बाई, तिचा आता अर्धाच जीव राहिला होता. ब्लाउज खांद्यावरून उतरत होता. पण डोळे तेच, काचेच्या नळीतल्या पाण्याची रेघ वाचणारे.

"कर्टुल्यापासून सुरू कर," ती म्हणाली. "आणि सांग."

मी खाल्लं. "छान आहे," म्हणाले.

"छान म्हणजे काय? रिपोर्टात 'छान' लिहायचीस का तू? कडू आहे? किती? बी लागते का दाताखाली? तेल जास्त झालंय?"

मग मी सांगायला लागले. आधी लाजत, मग नीट. कडवटपणा आहे पण शेवटी लागतो. बी कोवळी आहे, फुटते. खोबरं ताजं आहे, मीठ किंचित कमी. ती मान हलवत होती. मध्येच तिनं डोळे मिटले. माझं वर्णन संपलं तरी बराच वेळ उघडले नाहीत.

शीला वाघमारे ही अशी होती. अंदाजाने कुठलीच गोष्ट मान्य न करणारी. तिच्या पर्समध्ये कायम एक मार्कर आणि कागदी चिकटपट्टी असायची. बदलापूरच्या तिच्या घरी फ्रिज उघडला की प्रत्येक डब्यावर चिठ्ठी: काय आहे, कधी केलं, कधीपर्यंत खायचं. अरुणभाऊ म्हणायचा, "एक मलाच लावायची राहिलीय." यावर ती गंभीरपणे म्हणायची, "तुमची तारीख मला ठाऊक नाही."

एकदा उल्हासनगरला आम्ही स्टीलचे डबे घ्यायला गेलो. दुकानदार सिंधी, म्हातारा, बोलण्यात गोड. त्याने डबे मांडले. शीलाने पर्समधून छोटं लोहचुंबक काढलं आणि एकेका डब्याला लावून बघायला लागली. चुंबक चिकटलं की स्टील हलकं, डबा बाजूला.

"दीदी," दुकानदार म्हणाला, "बीस साल से बैठा हूं इधर. किसी ने आज तक मेरे डब्बे को चुंबक नहीं लगाया."

"इसलिए बीस साल से बिक रहा है," शीला म्हणाली.

त्याला राग यायला हवा होता. तो हसत सुटला, आतून दुसरा माल काढून आणला आणि आम्हाला चहा पाजला. पुढे मी एकटी दिसले तरी तो विचारायचा, "वो चुंबकवाली दीदी कैसी है?"

ती अंबरनाथची. वडील कारखान्यात कामगार, घरात पाच भावंडं, घर बौद्ध. बी.एस्सी. झालेली त्यांच्या चाळीतली ती पहिली मुलगी. आमच्या प्रयोगशाळेत ती लागली तेव्हा आम्ही आधीच्या तीन बायका होतो आणि तिघी एकत्र डबा खायचो, डबे मध्ये ठेवून. ती चौथी आली. पहिल्या दिवशी तिनं आपला डबा उघडून सगळ्यांच्या मध्ये सरकवला. लाल भोपळ्याची भाजी होती, वर खोबरं. एकीला त्या दिवशी उपास निघाला. दुसरीने आपला डबा हळूच जवळ ओढला. मी म्हणाले, "माझं पोट जरा बरं नाही."

कारण काय होतं ते तिघींनाही माहीत होतं आणि तिलाही. आमच्या घरात या गोष्टी मोठ्याने कुणी बोलत नसे. बोलावं लागतच नसे.

शीला रोज डबा मध्ये सरकवत राहिली. रोज, न चुकता. मी रोज नाही म्हणत राहिले. महिन्याभराने एक दिवस ती सगळ्यांसमोर, अगदी काळजीच्या आवाजात म्हणाली, "माधवी, तुझं पोट मी पहिल्या दिवसापासून बघतेय, सव्वीस दिवस बरं नाही. एवढे दिवस म्हणजे साधं नाही. डॉक्टरला दाखव."

मी तिच्या डब्यातला घास घेतला. तिने काहीच केलं नाही, हसलीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्या शेजारी बसायला लागली.

सप्टेंबरच्या बुधवारी त्या हॉटेलची स्वयंपाकीण बाहेर आली. हिराबाई तिचं नाव. ते शेत तिच्या सासरचं. मुंबईच्या एका जोडप्याने ते कराराने घेऊन हॉटेल काढलं आणि चूल तिच्या हाती दिली. दोन्ही वेळा तिनं स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं होतं की एक बाई जेवते आणि दुसरी नुसती बसून असते. पदराला हात पुसत ती शीलासमोर उभी राहिली.

"बाय, माजा जेवण तुमाला आवडला नाय काय? दोन येळ आलाव, कायच खाल्ला नाय."

शीलाने इकडेतिकडे बघितलं. मग साडीचा पदर जरा बाजूला करून पोटावरची नळी दाखवली. पारदर्शक, टोकाला झाकण.

हिराबाई बघत राहिली. "आन मग भूक?"

"भूक लागते," शीला म्हणाली. "तीच एक गोष्ट बंद झाली नाही."

हिराबाई आत गेली. त्या दिवसापासून धान्याच्या कणग्या ठेवायच्या खोलीत तिनं शीलासाठी एक खुर्ची टाकून ठेवली. दीड वाजला की शीला तिथे जायची, पिशवीतून बाटली काढायची आणि मोठ्या सिरिंजने दाट पांढरं पाणी नळीतून पोटात सोडायची. मी बरोबर गेले तर हाकलायची. हिराबाईला मात्र बसू द्यायची.

अशा आजारात लोक माणसाला शहाणपण चिकटवतात. शीला शांत झाली होती, तिने सगळं स्वीकारलं होतं, असं मला लिहिता येणार नाही. ती चिडायची. पलीकडच्या टेबलावर कुणी ताटात अर्धी भाकरी टाकून उठलं की तिच्या जबड्याची शीर तटतटायची. मीही एकदा भात टाकला. ती म्हणाली, "मुद्दाम टाकतेस?" मी म्हटलं, पोट भरलं. "पोट भरलं," तिनं माझे शब्द तसेच उच्चारले, आणि परतीच्या वाटेवर बदलापूर येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

आमच्या जुन्या ओळखीचे लोक मला म्हणायचे, इतकी वर्षं केमिकलमध्ये काढली, त्यानेच झालं असणार. एकाने ते तिच्या तोंडावर म्हटलं. "पुरावा काय?" शीलाने विचारलं. "पुरावा असता तर मीच पहिली बोंब मारली असती. नसताना मी कुणाचं नाव घेणार नाही."

ऑक्टोबरमध्ये तिनं हट्ट केला. ताटात तांदळाची भाकरी होती आणि वाटीत गवारीची भाजी. "मी चावते आणि थुंकते," ती म्हणाली. "डॉक्टरनी चावायला ना म्हटलेलं नाही." कागदी रुमालाची चवड तिनं पुढ्यात घेतली. एक घास केला, तोंडात घातला आणि चावायला लागली. किती वेळ चावला तो घास तिनं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही तिच्या लक्षात नव्हतं. मग तिनं तो रुमालात काढला, रुमाल दुमडला. शेजारच्या टेबलावरच्या बाईने तोंड फिरवलं. शीलाने दुसरा घास केला.

तिसऱ्या घासाला तिनं गिळलं. मुद्दाम की सवयीने, मला आजही कळलेलं नाही. घास वरच अडकला. तिचा चेहरा काळानिळा पडत गेला, दोन्ही हात टेबलावर आपटायला लागले. मी नुसती ओरडत होते. हिराबाई आतून धावत आली, तिनं शीलाला कमरेतून वाकवलं आणि पाठीवर जोरात थापा मारल्या. घास बाहेर पडला, त्याच्याबरोबर थोडं रक्त. शेडमधली सगळी माणसं उभी राहिली होती.

शीलाने रुमालाने ओठ पुसले. "गवार जून होती," ती म्हणाली.

आता जे सांगायचं आहे ते मी फार वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

शीला नोकरीला लागली त्याच्या सातव्या वर्षी आमच्याकडे तापाच्या गोळ्यांची एक बॅच आली. गोळी ठरलेल्या वेळात पाण्यात विरघळायला हवी. ती विरघळत नव्हती. शीलाने तीन वेळा तपासणी केली, तिन्ही वेळा नापास लिहिलं. साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं, पुन्हा कर म्हणाले. ती म्हणाली, "चौथ्यांदा केलं तरी गोळी तीच आहे सर." मग तो कागद माझ्या टेबलावर आला. त्याच आठवड्यात मला वरच्या जागेवर घेण्याची ऑर्डर निघायची होती. साहेब एवढंच म्हणाले, "मॅडम, तुम्ही समजूतदार आहात."

मी 'पास' लिहून सही केली. बॅच गेली. त्या गोळ्या कुणी खाल्ल्या, त्याचं काय झालं, हे कधीच कळलं नाही. मला वरची जागा मिळाली. शीलाला नमुन्यांच्या साठवणीच्या खोलीत टाकलं. खोलीला खिडकी नव्हती. खोकी, कपाटं आणि ट्यूबलाइट. तिथे ती दोन वर्षं होती. त्या दोन वर्षांत ती कॅन्टीनला आली नाही, तिथेच डबा खायची. मी एकदाही तिथे गेले नाही. साहेब बदलले तेव्हा तिला परत आणलं. पहिल्याच दुपारी ती येऊन माझ्या शेजारी बसली, डबा उघडला आणि मध्ये सरकवला. त्यावर आमचं कधी बोलणं झालं नाही. मी समजून चालले की विषय संपला.

नोव्हेंबरच्या बुधवारी तिला बोलायलाही त्रास व्हायला लागला होता. ताटात नव्या तांदळाचा भात होता. मी खाल्ला नाही. म्हटलं, "शीला, मला तुला एक सांगायचंय. ती बॅच. ती सही माझी होती."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. तुझी सही मी ओळखत नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

ती थांबून थांबून बोलत होती. दर वाक्यामागे श्वास. "दोन वर्षं रोज बोलायचे तुझ्याशी. त्या खोलीत. एकटी. तेव्हा यायला हवं होतंस तू. दार उघडंच असायचं."

"मला माफ कर."

"नाही."

तिनं ते चिडून म्हटलं नाही. आवाजही चढवला नाही. मी रडायला लागले, तेव्हा तिच्या कपाळावर आठी आली. "हे आज का सांगतेस? मी जायच्या आत तुझं मोकळं व्हावं म्हणून?"

तेच खरं होतं.

"ज्यांनी त्या गोळ्या खाल्ल्या त्यांनी माफ करायचं," ती म्हणाली. "मी कोण? आणि माझ्यापुरतंही मला जमत नाही. मी प्रयत्न केला होता."

भात कापून झालेल्या खाचरात बगळे उतरले होते. मला वाटलं, आता ती अरुणभाऊला फोन करेल, पुन्हा बोलावणार नाही. तिनं पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

"म्हणजे आपली मैत्री नव्हती असं नाही," ती म्हणाली. "ती होती. हे दोन रकाने वेगळे आहेत. एकात दुसऱ्याचं लिहू नकोस." थोड्या वेळाने, "भात नवा आहे. चिकट झालाय का सांग."

मी खाल्ला. चिकट होता. तसं तिला सांगितलं.

आमचा शेवटचा बुधवार डिसेंबरचा. त्यानंतर अकराव्या दिवशी शीला गेली. बदलापूरला तिच्या घरी, अरुणभाऊ आणि पुण्याहून आलेली मुलगी जवळ असताना. मी पोचले तेव्हा पांढऱ्या साड्यांतल्या बायका बुद्धवंदना म्हणत होत्या आणि मी मागे भिंतीशी उभी राहिले. पण मला ती दिसते ती तिथली नाही, त्या बुधवारची.

त्या दिवशी गाडीपासून शेडपर्यंतची पन्नास पावलंही तिला चालता येणार नव्हती. अरुणभाऊने गाडी बांधाला लावली. मी म्हटलं, मीही इथेच बसते. ती हातवारे करून रागावली. आवाज जवळजवळ गेलाच होता. ओठांवरून वाचावं लागलं: मग मी आले कशाला?

मी एकटी जाऊन आमच्या टेबलावर बसले. गाडी समोर दिसत होती. हिराबाईने ताट आणलं. वालाचं बिरडं, वांग्याची भाजी, भाकरी.

"बाय कुठं हाय?"

मी गाडीकडे बोट दाखवलं. तिनं डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि आत गेली. थोड्या वेळाने बाहेर आली ती फडक्यात धरलेलं मोठं पातेलं घेऊन. नुकताच वैरलेला, अजून खदखदणारा भात. शेडमधून बाहेर पडून उन्हातून ती सरळ बांधाकडे चालत गेली. पातेल्यातून वाफ मागे मागे जात होती.

शीलाने गाडीचं दार उघडलं आणि पाय बाहेर सोडले. हिराबाई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली, पातेलं आपल्या मांडीवर टेकवलं, झाकण काढलं. शीला भाताचा वास घ्यायला पुढे वाकली. तेव्हा हिराबाईने आपला पदर सोडवून तिच्या डोक्यावरून ओढून घेतला, सर्दी झालेल्या पोराला वाफ देताना धरतात तसा. पदराखाली दोघींची डोकी झाकली गेली. कडेकडेने वाफ बाहेर येत होती. शीलाचे खांदे वर जायचे, थांबायचे, खाली यायचे, पुन्हा वर जायचे. अरुणभाऊ चार पावलं दूर, त्यांच्याकडे पाठ करून, रस्त्याकडे बघत उभा होता.

माझ्या तोंडात घास होता. तो चावायचा मला धीर होईना आणि मी जागची उठलेही नाही. तिथे माझं काही काम नव्हतं.

बऱ्याच वेळाने पदर बाजूला झाला. शीलाचा चेहरा ओला होता, केस कपाळाला चिकटले होते, चष्म्याच्या काचा पांढऱ्या झाल्या होत्या. हिराबाईने पातेलं जमिनीवर ठेवलं, तिच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला, आणि त्याच पदराने आधी तिचं तोंड पुसलं, मग काचा.